खानदेशची पांढरी

भुसावळचें नांव ठाऊक नाहीं असा आगगाडीचा प्रवासी महाराष्ट्रांत विरळा. मुंबईहून येणारा लोहमार्ग येथें दुभंगतो. एक फांटा नागपूरकडे वळतो, दुसरा खांडव्यावरून उत्तर हिंदुस्थानांत जातो. गाडी थांबते, प्रवासी फलाटावर उतरून केळीं आणि चहा घेतो व पुढें निघून जातो. ज्याला प्राचीन अवशेषांची आवड आहे तोहि बहुधा जळगांवास उतरून अजिंठ्याच्या मोटारींत बसतो आणि खानदेश हा त्याच्या लेखीं अजिंठ्यास जाण्याचा रस्ता एवढाच उरतो. वस्तुतः भुसावळहून मोटारीनें निघून तापी, गिरणा आणि त्यांच्या उपनद्या यांच्या कांठानें चार दिवस फिरण्याची ज्याची तयारी असेल, त्याला या एका प्रांतांत पंचवीस हजार वर्षांच्या मानवी वास्तव्याच्या खुणा पाहावयास मिळतात. मात्र त्या कोठें आणि कशा शोधावयाच्या, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी नांवाचीं बेटें आहेत. तेथें १८५० सालीं एका वादळानें किनाऱ्यावरची वाळू उडाली आणि स्कारा ब्रे येथें दगडी घरांची एक वस्ती उघडी पडली. ती सुमारें पांच हजार वर्षांपूर्वीची. त्या बेटांवर लांकडाचा तुटवडा आणि लाद्यांसारखा फुटणारा दगड मात्र विपुल. म्हणून तेथील लोकांनीं भिंतींप्रमाणेंच बिछाने आणि फडताळेंसुद्धां दगडाचीं केलीं. आज तेथें जाणाऱ्या प्रवाशाला तीं समोर उभीं दिसतात. खानदेशच्या आद्य शेतकऱ्याचें घर कुडाचें आणि मातीचें होतें. तें पडलें कीं त्याच्याच मातीवर दुसरें उभें राही. राख, शेण, फुटकीं खापरें, जनावरांचीं हाडें यांचे थर शतकानुशतकें साचत गेले आणि नदीकांठीं फिकट मातीचीं उंच टेंकाडें तयार झालीं. अशा जागेस खेड्यांतील लोक पांढरी म्हणतात. शेत ती काळी आणि वस्ती ती पांढरी, हा भेद मराठी गांवगाड्यांत सर्वांच्या परिचयाचा आहे. खानदेशच्या सर्वांत जुन्या शेतकऱ्यांचा इतिहास या पांढरींत आहे.

भुसावळहून पूर्वेस निघालें म्हणजे पहिला मुक्काम चांगदेव. मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचें एदलाबाद, या तालुक्यांतील हें गांव तापी आणि पूर्णा यांच्या संगमाजवळ वसलेलें आहे. येथील कोरीव दगडी देऊळ यादवकालीन धाटणीचें असून योगी चांगदेवाच्या नांवानें प्रसिद्ध आहे. वाघावर बसून, हातीं सर्पाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांच्या भेटीस गेलेला आणि पुढें मुक्ताबाईचा शिष्य झालेला तो हाच चांगदेव, अशी लोकांची श्रद्धा आहे. मुक्ताबाई शके १२१९ मध्यें, म्हणजे १२९७ सालीं, याच परिसरांत अंतर्धान पावली असें वारकरी मानतात. संगमावर आज जो पाण्याचा मोठा फुगवटा दिसतो तो खालच्या अंगास हतनूर येथें बांधलेल्या धरणाचा होय. चांगदेव हें नांव या प्रवासांत पुन्हां एकदां भेटणार आहे. पण तो मनुष्य निराळा आणि त्याचें कार्यहि निराळें.

त्यासाठीं जळगांव, पाचोरा या मार्गानें चाळीसगांवास यावें लागतें. तेथून नैर्ऋत्येस डोंगराच्या कुशींत पाटण हें स्थळ आहे. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्याची सत्ता येथें होती. येथील देवीच्या देवळांत डॉ. भाऊ दाजी लाड यांना एक शिलालेख आढळला व त्यांनीं तो १८६५ सालीं विद्वानांपुढें मांडला. सिद्धान्तशिरोमणीचा कर्ता भास्कराचार्य याचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी होता. आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यानें येथें एक मठ स्थापिला आणि निकुंभ राजा सोइदेव यानें १२०७ सालीं त्या मठास दान दिलें, असें हा लेख सांगतो. लेखाचा आरंभ संस्कृतांत आहे. पण बाजारांतील व्यवहारांवर आणि तेलाच्या घाण्यांवर मठासाठीं जी लाग लावून दिली तिचा तपशील मराठींत आहे. विद्येची स्तुति देवभाषेंत आणि देण्याघेण्याचा व्यवहार लोकभाषेंत, ही विभागणी लक्षांत ठेवण्यासारखी आहे. आजोबाच्या ग्रंथांच्या अध्ययनाचा खर्च तेली आणि व्यापारी यांच्या रोजच्या कमाईंतून चालत असे, हेंहि तिच्यावरून कळतें. भास्कराचार्यानें आपलें गांव सह्याद्रीच्या आश्रयास असलेलें विज्जडविड असें सांगितलें आहे. तें कोणतें याविषयीं पंडितांत मतभेद आहे. मठाचें स्थान मात्र निर्विवाद पाटण हेंच.

याच पाटणें गांवाजवळ १९७२-७३ सालीं डॉ. एस. ए. साळी यांनीं उत्खनन केलें. तेथें दगडाच्या बारीक पात्यांबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवच्या सांपडल्या. त्यांपासून केलेले मणी होते, आणि एका तुकड्यावर समांतर रेघांच्या मध्यें आडव्यातिडव्या रेघा कोरलेल्या होत्या. या कवच्यांचें वय किरणोत्सर्गी कार्बनाच्या मापनानें सुमारें पंचवीस हजार वर्षें ठरलें. त्या काळीं खानदेशांत शहामृग चरत होते. म्हणजे आजच्यापेक्षां कोरडें हवामान आणि मोकळीं गवताळ रानें येथें असलीं पाहिजेत. शेती नाहीं, मडकें नाहीं, धातूचा गंध नाहीं. तरी अंड्याच्या कवचीवर मोजून मापून रेघा ओढण्याची हौस त्या माणसाला होती. ज्या गांवीं पुढें आकाशस्थ ग्रहांचें गणित शिकविलें गेलें, त्याच गांवच्या मातींत हा तुकडा मिळाला, हा केवळ योगायोग होय. तरी प्रवाशानें तो मनांत ठेवून पुढें जाण्यास हरकत नाहीं.

चाळीसगांव तालुक्यांतच गिरणेच्या कांठीं बहाळ आहे. येथील पांढरी १९५२ सालीं आणि पुन्हां १९५६-५७ मध्यें भारतीय पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे यांनीं खणली. तळाच्या थरांत राखी रंगाचीं जाड भांडीं आणि तांबड्यावर काळी नक्षी काढलेलीं खापरें मिळालीं. हीं ताम्रपाषाण युगांतील शेतकऱ्यांचीं होत. त्यांवरील थरांत लोखंड आलें. नदीच्या पैलतीरीं टेकवाडे येथें त्या काळच्या माणसांचीं दफनें सांपडलीं. ऐलतीरावर घर आणि पैलतीरावर मृतांची जागा. याच बहाळच्या देवीच्या देवळांत शके ११४४ चा, म्हणजे १२२२ सालचा, एक शिलालेख आहे. देऊळ बांधणारा अनंतदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी आणि भास्कराचार्याच्या भावाच्या वंशांतील. ज्यांच्या पंचांगावर राजाचे मुहूर्त ठरत त्यांच्या देवळाजवळ, त्यांच्याहि पूर्वीं दोनअडीच हजार वर्षें पेरणी करणाऱ्या माणसाचें खापर पडलेलें असावें, हें खानदेशाबाहेर फारसें कोणास ठाऊक नाहीं.

चाळीसगांवहून धुळें आणि धुळ्याहून साक्री. त्या तालुक्यांत कान नदीच्या कांठीं कावठें येथें पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं उत्खनन करून सुमारें चार हजार वर्षांपूर्वींची वस्ती उजेडांत आणली. जमिनींत खड्डा घेऊन त्यावर छप्पर घातलेल्या झोंपड्यांत ते लोक राहत. तापीकांठच्या सावळदें गांवावरून या संस्कृतीस सावळदा हें नांव पडलें आहे. प्रवासाचा शेवट नंदुरबार जिल्ह्यांतील प्रकाशें येथें करावा. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील या तीर्थास लोक दक्षिण काशी म्हणतात. येथील टेंकाड १९५५ सालीं बा. कृ. थापर यांनीं खणलें आणि ताम्रपाषाण युगापासून मध्ययुगापर्यंतच्या वस्तीचे थर दाखवून दिले. तळाची वस्ती आणि तिच्यानंतरची लोखंड वापरणारी वस्ती यांच्यामध्यें बराच काळ गेला होता. महाराष्ट्रांतील बहुतेक ताम्रपाषाण वस्त्या इ. स. पूर्व १००० च्या सुमारास ओस पडल्या. पाऊस कमी झाल्यानें शेती फसली असावी, असें कांहीं संशोधक मानतात. पाण्यावांचून गांव सोडून जाण्याचा प्रसंग खानदेशच्या शेतकऱ्यावर पूर्वींहि येऊन गेला आहे, हें अशा ओस पडलेल्या पांढरींवरूनच समजतें.

आणि येथेंच चिंतेचें कारण आहे. राख, शेण आणि हाडें यांमुळें पांढरीची माती कसदार असते. म्हणून ती गाड्या भरभरून शेतांत टाकण्याची चाल जुनी आहे. धाब्याच्या घरांच्या छपरांवर आणि भिंतींस तीच माती लागे. गरजू शेतकऱ्यास त्यावरून दोष देणें अन्यायाचें होईल. माती नेतांना आपण काय नेत आहों हें त्याला कोणी सांगितलेलेंच नसतें. पूर्वीं बैलगाडी एका उन्हाळ्यांत जेवढें नेई तेवढें आजचीं यंत्रें एका दिवसांत उचलतात. देवळाचा दगड निखळला तर तो पुन्हां बसवितां येतो. थर एकदां कालवला गेला कीं तो पुन्हां रचतां येत नाहीं. आणि कोणत्या थरांत सांपडलें हें सांगतां न येणारें खापर, कितीहि सुंदर असलें तरी, मुकें होतें.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ सालच्या अखेरीस धुळ्यासच निवर्तले आणि पुढच्याच वर्षीं तेथें त्यांच्या नांवें संशोधन मंडळ उभें राहिलें. जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर वाळवीच्या तोंडीं पडलेलीं दप्तरें गांवोगांव पायीं हिंडून त्यांनीं वांचविलीं. रद्दी म्हणून विकला जाणारा कागद इतिहासाचें साधन आहे हें त्यांनीं घरोघरच्या माणसास पटवून दिलें. पांढरीच्या मातीविषयीं तेंच काम आतां गांवच्या शाळामास्तरानें आणि ग्रामपंचायतीनें करावयाचें आहे. या वाटेनें जाणाऱ्या प्रवाशानेंहि देवळाचें दर्शन घेतल्यावर गांवांत पांढरीची चौकशी करावी, ती चालून पाहावी आणि वर आलेलें खापर जेथल्या तेथें राहूं द्यावें.