शिक्षिकेला राहायला जागा

कर्नाटकात शिक्षिकांची एक राज्यव्यापी संघटना आहे. तिचे नाव ‘कर्नाटक राज्य सावित्रीबाई फुले शिक्षकियर संघ’. ‘शिक्षकियर संघ’ म्हणजे आपल्या भाषेत शिक्षिकांचा संघ. ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, या संघाचे कार्यक्रम गावोगाव होतात आणि कन्नड माध्यमाच्या शाळांतल्या बाई पुण्यातल्या एका बाईंच्या तसबिरीला हार घालतात. बंगळुरात राहणाऱ्या माझ्यासारख्या मराठी शिक्षिकेला याचा अभिमान वाटतो, हे उघड आहे. पण संघटना चालवायची म्हटली की हार आणि भाषणे एका दिवसात आटोपतात. उरलेल्या दिवसांत बदली, रजा, पगार आणि भाड्याची खोली हेच विषय असतात. या विषयांकडे आपण किरकोळ म्हणून पाहतो. इतिहास पाहिला तर शिक्षिकांचे नेतृत्व करणाऱ्या प्रत्येक बाईला सुरुवात इथूनच करावी लागली आहे, आणि त्यातही राहायच्या जागेचा प्रश्न सगळ्यांत जुना आहे.

सावित्रीबाईंचेच पाहा. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. रस्त्यात अंगावर पडणाऱ्या शेणाची गोष्ट आपण मुलांना सांगतो. त्यामानाने दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. शाळा सुरू झाल्यानंतर वर्षभरातच, १८४९ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंना सासऱ्यांचे घर सोडावे लागले. गोविंदराव वाईट माणूस नव्हते. जातीच्या आणि गावाच्या दडपणापुढे त्यांचे चालले नाही. म्हणजे आपल्याकडच्या पहिल्या शिक्षिकेला शिकवण्याची पहिली किंमत मोजावी लागली ती घराची. तेव्हा तिच्यामागे कसलीही संघटना नव्हती. नवरा होता आणि थोडे सोबती होते.

पुढे सरकारने शिक्षिका तयार करण्याचे मनावर घेतले. मेरी कार्पेंटर १८६६ मध्ये हिंदुस्थानात आल्या आणि मुलींच्या शाळांना पुरुष शिक्षक किती दिवस पुरणार, असा प्रश्न त्यांनी ठिकठिकाणी विचारला. १८७० च्या सुमारास पुण्यात स्त्री-शिक्षिकांसाठी ट्रेनिंग कॉलेज निघाले. पण कॉलेज निघाले म्हणजे प्रश्न सुटला असे झाले नाही. तिथे येणार कोण, राहणार कुठे, आणि शिकून बाहेर पडल्यावर परगावी एकटी नोकरी करणार कशी?

हे प्रश्न सरकारपुढे नेमक्या शब्दांत मांडले ते पंडिता रमाबाईंनी. १८८२ हे त्यांच्या आयुष्यातले विलक्षण वर्ष. फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी गेले. पदरात वर्षाची मनोरमा. वय चोवीस. त्या पुण्याला आल्या आणि त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच वर्षी हंटर यांच्या अध्यक्षतेखालचे शिक्षण आयोगही पुण्यात आले आणि रमाबाईंनी त्यापुढे मराठीत साक्ष दिली. हंटर यांना ती इतकी महत्त्वाची वाटली की त्यांनी तिचे इंग्रजी भाषांतर छापवून घेतले.

ही साक्ष ‘स्त्रीशिक्षण हवे’ एवढे सांगून थांबत नाही. तिच्यात कारभाराची अक्कल आहे. शिक्षिकांना पुरुष शिक्षकांपेक्षा जास्त पगार द्यावा, असे त्या म्हणतात. ट्रेनिंग कॉलेजातल्या विद्यार्थिनींनी कॉलेजच्या आवारातच राहावे, त्यासाठी सर्व सोयींची मोठी इमारत असावी, आणि नुसती मेट्रन न ठेवता त्यांच्यावर देखरेखीला प्रतिष्ठित देशी बाई असावी, असेही सांगतात. तपासनिसांच्या जागी स्त्रिया का हव्यात याची त्यांनी दिलेली कारणपरंपरा तर आजही वर्गात वाचून दाखवावी अशी आहे: पुरुष तपासनीस शाळेत शिरला की मुली आणि बाई दोघी घाबरून गप्प बसतात, तो शाळेवर प्रतिकूल शेरा लिहितो, मग सरकार बाईंच्या जागी पुरुष मास्तर नेमते, आणि मुलींना बाईंकडून शिकण्याचा लाभ मिळायचा राहतो. एका भेटीच्या शेऱ्यातून नोकरी कशी जाते, याचा हा बिनचूक हिशेब आहे. सुशिक्षित पुरुषही बायकांचा मोहरीएवढा दोष डोंगराएवढा करतात, हेही त्यांनी आयोगाच्या तोंडावर सांगितले.

त्यांनी मागितलेली इमारत सरकारने बांधून दिली असे नाही. शेवटी त्यांनीच मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणले. पण १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावर वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आदी सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. या वादाच्या धार्मिक बाजूवर पुष्कळ लिहिले गेले आहे. संघटनेच्या बाजूने पाहिले तर दिसते ते असे, की मुलींच्या निवासाची संस्था पैशावर जितकी चालते तितकीच आईबापांच्या विश्वासावर चालते. चालकाच्या विचाराला स्वातंत्र्य हवेच, पण तो विश्वास गेला की खोल्या रिकाम्या होतात. रमाबाई खचल्या नाहीत. केडगावला त्यांनी मुक्ती सदन उभे केले, आणि तिथला रस्ता वेगळा होता.

दुसऱ्या रमाबाईंनी, म्हणजे रमाबाई रानडे यांनी, पुण्यातला रस्ता धरला. त्या देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांच्या घरातल्या, अकराव्या वर्षी रानड्यांच्या घरात आलेल्या. सभेत उभे राहण्याची किंमत त्यांनी घरात मोजली होती. १८८४ मध्ये मुलींच्या हायस्कुलाच्या, म्हणजे पुढच्या हुजूरपागेच्या, निमित्ताने गव्हर्नर फर्ग्युसन यांच्यापुढे त्यांनी इंग्रजीत मानपत्र वाचले. घरी आल्यावर घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना चांगलेच फैलावर घेतले. हे त्यांनीच ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० च्या पुस्तकात मोकळेपणाने लिहिले आहे. बाहेर टाळ्या आणि घरात बोलणी, ही दुहेरी परीक्षा त्यांच्या नेतृत्वाची शाळा होती. घरातल्या बायकांना काय खुपते हे त्या जाणून होत्या, म्हणून पुढे त्यांना त्याच घरांतून मुली आणि विधवा बाहेर काढता आल्या.

१९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले. १९०८ मध्ये मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले, तेव्हा रमाबाईंना अध्यक्ष केले. १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन सुरू झाले ते त्यांच्या स्वतःच्या वाड्यात. मला यात शारदा सदनाच्या अनुभवातून घेतलेला धडा दिसतो: रानड्यांचा वाडा म्हटल्यावर सदाशिव-नारायण पेठेतला बाप मुलीला पाठवायला धजत असे. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर चिटणीस होते. पत्रव्यवहार आणि वर्गणीचा मोठा भार त्यांनी उचलला. पण दारात उभी असलेली विधवा आत यायची ती रमाबाईंकडे पाहून. प्रौढ बायकांचे वर्ग, शिक्षिकांचे ट्रेनिंग कॉलेज, परिचारिकांचे शिक्षण, आणि या सगळ्यांना जोडणारी वसतिगृहे असा कारभार वाढत गेला. उच्चवर्णीय घरांत परिचारिकेचे काम हलके समजले जाई. आपल्या मुली ससून इस्पितळात शिकायला जातील पण झोपायला सेवासदनाच्या वसतिगृहात येतील, या हमीशिवाय ते सुरूच झाले नसते.

हे नेतृत्व मवाळ होते, असे म्हटले जाते. मग १९२० चा प्रसंग आठवावा. १९१८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा मिळाली होती. पुण्यात प्रश्न आला: सक्ती मुलांनाच की मुलींनाही? पैसा अपुरा आहे, आधी मुलांचे पाहू, असे लोकमान्य टिळकांच्या पक्षाचे म्हणणे होते. सभांमध्ये गोंधळ झाले. त्या वेळी साठीच्या उंबरठ्यावरच्या रमाबाई मुलींच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि पुण्यातल्या बायकांना त्यांनी रस्त्यावर आणले. समोर शहराचे दैवत होते. सक्ती केली तर इतक्या शिक्षिका कुठून आणणार, हा आक्षेप त्यांना नवा नव्हता. दहा वर्षे त्या त्याच प्रश्नाचे उत्तर तयार करत होत्या. पाठीशी शिकवून तयार केलेल्या बायका असतील तर मागणीला वजन येते. १९२४ मध्ये त्या गेल्या.

त्यानंतर तीनच वर्षांनी, जानेवारी १९२७ मध्ये, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. त्याचा उगम वाचण्यासारखा आहे. बंगालचे शिक्षण संचालक ओटन यांनी बेथ्यून कॉलेजात बोलताना, तुम्हाला कसले शिक्षण हवे ते बायकांनी एकमुखाने सांगावे, असे आव्हान केले. त्यावर बेथ्यूनच्या माजी प्राचार्या हायडेकोपर यांनी ‘स्त्रीधर्म’ मासिकात लेख लिहिले. मार्गारेट कझिन्स यांनी ते आव्हान उचलून देशभर पत्रे पाठवली, प्रांतोप्रांती छोट्या सभा भरवल्या आणि तिथले ठराव पुण्याला आणले. अध्यक्ष होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. त्यांच्या संस्थानात १९०६ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचे होते, म्हणून त्या खुर्चीवर त्यांचा अधिकार नुसत्या मुकुटाचा नव्हता. प्रतिनिधी अठ्ठावन्न. या परिषदेतूनच पुढे १९३२ मध्ये दिल्लीचे लेडी अर्विन कॉलेज निघाले. पण राण्या, सरदारांच्या पत्नी आणि प्राचार्या यांच्या त्या मांदियाळीत महिना काही रुपयांवर खेड्यात शिकवणाऱ्या बाईंचा आवाज क्षीण होता. पंडिता रमाबाईंच्या साक्षीतल्या शेरा लिहिणाऱ्या तपासनिसाला त्या अजून एकट्याच तोंड देत होत्या.

आता माझ्या गावाकडे, बंगळुराकडे येते. इथे १९१३ मध्ये महिला सेवा समाज स्थापन झाला. म्हैसूर संस्थानातल्या अगदी पहिल्या पदवीधर स्त्रियांपैकी एक, कमलम्मा दासप्पा यांनी या समाजाच्या छत्राखाली विधवा, परित्यक्ता आणि शिकायचे राहून गेलेल्या बायकांसाठी खास शाळांचा पुरस्कार केला. त्यांची नात राजेश्वरी चॅटर्जी याच समाजाच्या शाळेत शिकली, पुढे भारतीय विज्ञान संस्थेत सूक्ष्मतरंग अभियांत्रिकीची प्राध्यापक झाली. १९८२ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी स्त्री-अभ्यासाच्या अखिल भारतीय संघटनेत काम केले. आजीच्या मंडळातून नातीच्या मंडळापर्यंतचा हा धागा बंगळुरातच विणला गेला.

त्याच विज्ञान संस्थेच्या दारात १९३३ मध्ये एक मराठी मुलगी उभी होती. कमला भागवत, दुर्गा भागवतांची धाकटी बहीण, मुंबई विद्यापीठात पहिली आलेली. वडील आणि काका दोघेही याच संस्थेत शिकलेले. तरी मुलगी म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी तिला नकार दिला. ती हटली नाही, तेव्हा वर्षभराच्या परीक्षेवर अटी घालून प्रवेश मिळाला. पुढे केंब्रिजची डॉक्टरेट, मुंबईच्या विज्ञान संस्थेतले अध्यापन आणि तिथले संचालकपद, हे सगळे कमला सोहोनी यांनी मिळवले. पण ती झुंज एकटीची होती, आणि एकटीच्या झुंजीत अटी समोरचाच ठरवतो.

१९७३ मध्ये मुंबईत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना निघाली. तिने वाशीला काय उभारले? व्याख्यानांचे सभागृह तर आहेच, शिवाय नोकरदार स्त्रियांचे वसतिगृह आणि मुलांचे पाळणाघर. रमाबाईंच्या साक्षीनंतर जवळजवळ शतकाने प्रयोगशाळेतल्या बायकांना तीच गरज पुन्हा मांडावी लागली.

मी स्वतः काही वर्षे इथल्या शिक्षिकांच्या एका लहान मंडळाचे काम पाहिले आहे. आमच्या इतिवृत्ताच्या वहीला फारसे कोणी हात लावत नसे. हातोहात फिरून फाटली ती दुसरी वही: कोणत्या भागात एकट्या बाईला खोली मिळते, कोणती घरमालकीण रात्री आठनंतर फाटक लावते, कोणत्या शाळेजवळ तान्ह्या मुलाला सांभाळणारे कोणी आहे. कलबुर्गीहून, बेळगावहून आलेल्या नव्या बाईंना नियुक्तिपत्रानंतर पहिली लागे ती ही वही. कन्नड, मराठी, तेलुगू, उर्दू अशा चार अक्षरांत तिच्यात नोंदी होत्या.

म्हणून कुठल्याही शिक्षिका-मंडळाच्या नव्या अध्यक्षबाईंना एक सुचवावेसे वाटते. स्वागताच्या भाषणाआधी १८८२ ची ती साक्ष वाचा. तिच्यातल्या तीन गोष्टींवर, म्हणजे पगार, तपासणी आणि निवास यांवर, आपल्या तालुक्यात आज काय स्थिती आहे याची यादी करा. पहिल्या दोन्हींसाठी सरकारशी भांडावे लागेल, वेळ लागेल. तिसरीची सुरुवात मंडळाला स्वतःच करता येते. मेअखेरीस इथल्या शाळा उघडतात. त्याआधी परगावहून येणाऱ्या बाई कोण, आणि त्या पहिल्या रात्री कुठे उतरणार, एवढे मंडळाला माहीत असावे.