मिरजेचा दाखला

जपानमध्ये तेमारी, म्हणजे दोऱ्याचे नक्षीदार चेंडू, शिकणाऱ्याला परीक्षा देऊन पायरीपायरीने प्रमाणपत्र मिळते. खडकवासल्यात बसून हे वाचताना मला मिरज आठवली. तिथल्या शिकलगारांनी, हत्यारांना धार लावणाऱ्या आपल्याच लोकांनी, १९व्या शतकात तंतुवाद्ये घडवायला घेतली. फरीदसाहेब सतारमेकर त्यांतले. तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा जीवा असतो. तो केसभर सरकला की सूर फिरतो. ही जवारी उस्तादाशेजारी बसून कानाने शिकायची, परीक्षा कुठली!

२०२४मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदच आहे. पण ते गावाच्या नावाला. कारागिराला ते लावायचे तर वेगळी नोंदणी हवी. जवारी कुणाच्या हातची, हे त्या कागदावर येत नाही.