कार्डाची मागील बाजू

१९९८ साली मी कोथरूडमध्ये प्राथमिक शाळेत शिकत होतो. च्युइंगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची कार्डे आम्ही मुले जमवीत असू. हॉकीपटूचे कार्ड मात्र मला कधी मिळाले नाही. म्हणून वर्तमानपत्रातील धनराज पिल्ले यांचे छायाचित्र पुठ्ठ्यावर चिकटवून मीच एक तयार केले. खाली लिहिले : 'कर्णधार, आशियाई सुवर्णपदक, बँकॉक.' मागील बाजू कोरीच राहिली.

त्या बाजूवर काय लिहावयास हवे होते, हे आज शिक्षक झाल्यावर कळते. धनराज आपल्या पुण्याच्याच खडकीचे, जन्म १९६८. वडील मैदानाची देखभाल करीत. नवी स्टिक घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून मोडक्या स्टिका चिकटवून, दोरीने बांधून भावंडे खेळत. १९८९ मध्ये ते भारतीय संघात आले. १९९२ ते २००४ या काळात चार ऑलिंपिक खेळले. पदक एकदाही लाभले नाही. बँकॉकचे सुवर्ण भारताला १९६६ नंतर, तब्बल बत्तीस वर्षांनी मिळाले होते. तरीही त्यानंतर लवकरच या कर्णधारासह काही खेळाडूंना संघातून वगळण्यात आले. धनराज खचले नाहीत. ते परतले आणि २००३ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने प्रथमच आशिया चषक जिंकला.

विद्यार्थी मित्रांनो, गुणपत्रिका हेही एक कार्डच आहे. तिच्यावर निकाल दिसतो, दोरीने बांधलेली स्टिक दिसत नाही. पालकांनी आपल्या पाल्याची ती मागील बाजूही अवश्य वाचावी.