हालीचे सात, कलदारचे सहा

नाण्यांचा इतिहास लिहिणारे बहुधा राजांचीं नांवें, टांकसाळींच्या खुणा व धातूंचें वजन यांची नोंद करून थांबतात. त्या नाण्यांवर ज्यांना महिना काढावा लागे त्यांचा हिशेब अशा नोंदींत सांपडत नाहीं. आजच्या छत्रपति संभाजीनगराला, म्हणजे त्या काळच्या औरंगाबादेला, असा हिशेब करण्याची संवय कित्येक पिढ्यांपासून जडलेली होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत येथील मध्यम स्थितींतील कुटुंबाला दोन रुपये सांभाळावे लागत. एक निजामसरकारचा 'हाली', पुढें ज्याला 'उस्मानिया सिक्का' म्हणूं लागले तो. आणि दुसरा इंग्रज सरकारचा 'कलदार'. दोहोंचें नांव रुपयाच. दोहोंचे आणे सोळा, आणि प्रत्येक आण्याचे पै बारा. किंमत मात्र एक नव्हती. हा फरक ज्याला कळे त्याचा संसार नीट चाले; ज्याला कळत नसे त्याच्या पदरचा पैसा न कळत दुसऱ्याच्या गल्ल्यांत जाई.

पैसा हा विश्वासावर चालतो, हा धडा या भूमीनें फार पूर्वीं घेतलेला आहे. शहराजवळचा देवगिरीचा किल्ला महंमद तुघलकानें १३२७ सालीं आपली राजधानी केला व त्याचें नांव दौलताबाद ठेविलें. याच सुलतानानें १३३० च्या सुमारास चांदीच्या नाण्याऐवजीं तांब्यापितळेचीं नाणीं त्याच किंमतीस चालविण्याचा प्रयोग केला. खोटीं नाणीं घरोघर पाडलीं जाऊं लागलीं, व्यापाऱ्यांनीं तीं घेण्याचें नाकारलें, आणि अखेर सरकारला तीं चांदी देऊन परत घ्यावीं लागलीं. पुढें १६१० सालीं मलिक अंबरानें खडकी वसविली. तिचेंच पुढें औरंगाबाद झालें आणि मोगल अमदानींत येथें टांकसाळही चालूं लागली. येथील कांहीं नाण्यांवर शहराचें 'खुजिस्ता बुनियाद' हें नांव आढळतें.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत निजामाच्या मुलखांत एकच एक असा रुपया नव्हता. निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळे रुपये पडत. औरंगाबादेकडे चालणाऱ्या रुपयाला 'गोविंदबक्षी' म्हणत. दिवाण चंदुलाल यांचे बंधु राजा गोविंदबक्ष यांच्या नांवावरून तें नांव पडलेलें. एका गांवचा रुपया दुसऱ्या गांवीं नेला म्हणजे सराफ तो वाजवून, तोलून घेई आणि बट्टा कापी. हा बट्टा म्हणजे सराफाची मजुरी आणि त्याच्या ज्ञानाची किंमत. गिऱ्हाइकाचें अज्ञान जितकें अधिक तितका तो वाढे. पहिले सालारजंग १८५३ पासून १८८३ पर्यंत दिवाण होते. त्यांच्या कारकीर्दींत हा गोंधळ मोडून सर्व संस्थानास एक नाणें लावण्यांत आलें. तोच 'हाली', म्हणजे हल्लींचा, चालू असलेला. १८५७ च्या उठावानंतर त्यावरून दिल्लीच्या बादशहाचें नांव जाऊन आसफजाहाचें नांव आलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यावर चारमिनाराचें चित्र उमटलें आणि त्याच्या कमानींत निजामाच्या नांवाचें आद्याक्षर बसलें. कलदार हा शब्द 'कल' म्हणजे यंत्र यावरून आला आहे. यंत्रावर पाडलेलें नाणें तें कलदार. पुढें हालीही यंत्रावरच पडूं लागला, पण इंग्रजी रुपयाचें नांव कायम राहिलें.

दोन रुपयांच्या किंमतींत फरक कां, याचें उत्तर तराजूंत होतें. कलदार रुपयाचें वजन १८० ग्रेन व त्यांत बारांपैकीं अकरा भाग चांदी; म्हणजे शुद्ध चांदी १६५ ग्रेन. उस्मानिया रुपयाचें वजन १७२.५ ग्रेन व हजारांत ८१८ भाग चांदी. म्हणजे शुद्ध चांदी सुमारें १४१ ग्रेन. सहा कलदार रुपयांतील चांदी ९९० ग्रेन होते आणि सात हालींतील सुमारें ९८८. म्हणूनच 'हालीचे सात, कलदारचे सहा' हें प्रमाण कोणा अधिकाऱ्याच्या लहरीनें ठरलेलें दिसत नाहीं. तें धातूशीं जवळजवळ जुळतें.

तथापि हें प्रमाण नेहमींच स्थिर नव्हतें. १८९३ सालीं हिंदुस्थान सरकारनें लोकांची चांदी घेऊन तिचे रुपये पाडून देणें बंद केलें. त्यामुळें कलदाराची किंमत त्यांतील चांदीच्या भावाहून वर राहूं लागली, आणि हाली मात्र चांदीबरोबर खालीं घसरला. सरहद्दीपलीकडून माल आणणाऱ्याला आज एक भाव व उद्यां दुसरा अशी पाळी आली. संस्थानचे अर्थखातें पाहणारे कॅसन वॉकर यांच्या वेळीं, १९०४ च्या सुमारास, नाणें पाडण्याचें काम सरकारनें सर्वस्वीं आपल्या हातीं घेतलें व गरजेपुरतेंच नाणें बाहेर काढण्याचें धोरण ठेविलें. तेव्हांपासून भावाला स्थैर्य येत गेलें, आणि पुढें १०० कलदारास ११६ रुपये १० आणे ८ पै हाली हा दर रूढ झाला. पहिल्या महायुद्धांत चांदीची चणचण पडली तेव्हां १९१८ च्या कायद्यानें संस्थानच्या कागदी नोटा निघाल्या. त्यांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू व कानडी या भाषांनाही जागा मिळाली.

आतां एका घराचा हिशेब मांडून पाहूं. गृहस्थ संस्थानच्या कचेरींत कारकून आहेत असें समजा. पगार हाली ७० रुपये. म्हणजे कलदार ६०. मुलगा शिक्षणासाठीं पुण्यास, त्याला दरमहा १८ कलदार पाठवावयाचे. म्हणजे घरांतून हाली २१ निघाले. पुण्याच्या वर्तमानपत्राची वर्षाची वर्गणी १२ कलदार. तिला हाली १४ लागले. रेल्वेनें मनमाडला गेलें कीं ब्रिटिश मुलूख लागे. तेथें पुढचें तिकीट काढावयाचें तर खिशांत कलदार हवेत. छावणींत इंग्रजी पलटणींमुळें कलदाराचें चलन. गुलमंडीवर व सराफ्यांत हालीचें. सराफानें बदलीसाठीं दर रुपयामागें एक पैसा घेतला असें धरलें, तर १८ रुपयांवर साडेचार आणे आणि वर्षाकांठीं तीन रुपये सहा आणे जात. सत्तर रुपये पगाराच्या माणसाला ही रक्कम लहान नव्हती. याशिवाय ब्रिटिश मुलखांतून येणाऱ्या व्यापारी मालावर करोडगिरीची जकात असे. १८०२ च्या तहानें तिचा दर शेंकडा पांच ठरला होता, आणि अखेर तीही गिऱ्हाइकाच्याच खिशांतून निघे.

हिशेबांत एक चूक करणें फार सोपें होतें. कलदाराचे हाली करावयाचे तर सहावा हिस्सा मिळवावा लागतो. ३६ कलदारांत ६ मिळविले कीं ४२ हाली. उलट हालीचे कलदार करतांना सहावा हिस्सा वजा करून चालत नाहीं, सातवा वजा करावा लागतो. ४२ हालींतून सहावा हिस्सा काढला तर ३५ उरतात, सातवा काढला तर ३६. एका अपूर्णांकाच्या घोटाळ्यांत एक रुपया जाई. ज्या घरांत मुलांकडून हें गणित तोंडी करवून घेत, त्या घरांतील मुलांना व्यवहाराचें शिक्षण निराळें द्यावें लागत नसे.

दुसरी अडचण काळाची. संस्थानचें सरकारी वर्ष फसली; तें ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत सुरू होई आणि त्याचे महिने आजूर, दै, बहमन, इस्फंदार अशा इराणी नांवांचे. पंचांग शकाचें, व्यापाऱ्यांच्या वह्या दिवाळीच्या, आणि पुण्यामुंबईचा पत्रव्यवहार इंग्रजी तारखांचा. खतांत मुदत 'एक वर्ष' एवढीच लिहिली तर तें वर्ष कोणतें, आणि रक्कम 'रुपये शंभर' एवढीच लिहिली तर ते रुपये कोणते, हे दोन्ही प्रश्न उद्भवत. शंभर हाली घेणाराकडून शंभर कलदार मागितले गेले तर १६ रुपये १० आणे ८ पै जास्त द्यावे लागत, आणि व्याज त्यावर निराळें. म्हणून जाणते लोक दस्तांत रकमेपुढें 'सिक्का हाली' किंवा 'कलदार' असें स्पष्ट लिहून घेत. अक्षरओळख नसलेल्या कुणब्याला ही सावधगिरी साधत नसे, आणि सावकाराची वही हीच त्याची एकमेव साक्ष राही.

१९४० नंतर आणखी एक बदल झाला. युद्धाच्या ओढाताणींत कलदार रुपयांतील चांदी निम्म्यावर आणली गेली. पाठोपाठ हाली रुपयाचीही तीच गत झाली. नाण्यावरील किंमत तीच राहिली, आंतील धातु घटला. घरोघरच्या गृहिणींनीं डब्यांत जपलेले जुने रुपये आणि बाजारांत फिरणारे नवे रुपये यांत त्यामुळें मोठें अंतर पडलें. चांगलें नाणें घरांत दडतें आणि हलकें बाजारांत फिरतें, हा अर्थशास्त्राचा नियम त्यांना कोणी शिकविला नव्हता. हातानें तोलून त्या तो पाळीत होत्या. १९४२ सालीं हैदराबाद स्टेट बँक सुरू झाली व चलनाचा कारभार तिच्याकडे आला.

मग १९४७ साल उजाडलें. देश स्वतंत्र झाला, पण संस्थान भारतांत सामील झालें नाहीं. नोव्हेंबर २९ रोजीं 'जैसे थे' करार झाला, आणि वर्षअखेर संस्थान सरकारनें हुकूम काढून भारताचा रुपया आपल्या हद्दींत कायदेशीर चलन राहणार नाहीं असें जाहीर केलें. दिल्ली व हैदराबाद यांच्या वादांत हा हुकूम एक मोठें कलम ठरला. औरंगाबादच्या कुटुंबाला त्याचा अर्थ फार जवळचा होता. मनमाडपलीकडे ज्यांचीं नातीं, दुकानें, शिक्षण व औषधपाणी होतें, त्यांच्या पेटींतील कलदारावर त्यांच्याच गांवांत बंदी आली. सप्टेंबर १९४८ मध्यें पोलिस कारवाई झाली व १७ तारखेस निजामाची सत्ता संपली. २६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद हें प्रजासत्ताक भारताचें एक राज्य झालें. भारताचा रुपया सर्वत्र चालूं लागला, आणि पुढील कांहीं वर्षांत हाली टप्प्याटप्प्यानें व्यवहारांतून गेला.

हा काळ खऱ्या कसोटीचा होता. ७० हाली पगाराचे ६० कलदार होणें हें गणितानें बरोबर; परंतु हातांत येणारा आंकडा दहांनीं कमी झाला हें पाहून मन खट्टू होणें स्वाभाविक होतें. त्यांतील खरा धोका दुकानांत होता. जी वस्तु सात हालीला मिळे तिची रास्त किंमत सहा कलदार. दुकानदारानें आंकडा तसाच ठेवून सात कलदार घेतले, तर गिऱ्हाइकानें वस्तूचे जुने आठ रुपये दोन आणे आठ पै मोजले. म्हणजे किंमत सहाव्या हिश्शानें चढली आणि पाटीवरील आंकडा मात्र हलला नाहीं. अशी भाववाढ डोळ्यांना दिसत नाहीं, म्हणून तिच्याविरुद्ध तक्रारही होत नाहीं.

ही संवय मोडते न मोडते तोंच १ एप्रिल १९५७ रोजीं नवे पैसे आले. रुपयाचे शंभर भाग झाले. चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे हें सरळ. पण एका आण्याचे सव्वासहा होत, म्हणून सहाच धरावे लागत. दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस. एका वस्तूंत पाव किंवा अर्ध्या पैशाचा फरक पडे, पण रोज दहा वस्तु घेणाऱ्या घराला तो महिन्याअखेर जाणवे. ज्या पिढीनें दहा वर्षांच्या आंत हाली, कलदार व नवे पैसे असे तीन हिशेब शिकून संसार पार पाडले, तिच्या बुद्धीला कमी लेखण्याचें कारण नाहीं.

या इतिहासाचा उपयोग आजही संपलेला नाहीं. मराठवाड्यांतील कित्येक घरांत जुनीं खतें, वांटणीपत्रें व पावत्या अद्याप पेटींत आहेत. त्या वाचतांना दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. दख्खनच्या फसली सनांत ५९० मिळविले कीं इसवी सन येतो. फसली १३४५ म्हणजे ऑक्टोबर १९३५ ते ऑक्टोबर १९३६. आणि रकमेपुढें 'हाली' लिहिलें असेल तर तिचा सातवा भाग वजा केल्यावर कलदार रुपया मिळतो. एवढ्या दोन किल्ल्यांनीं आजोबांच्या व्यवहाराचें कुलूप उघडतें.

त्याहून मोठा उपयोग संवयीचा आहे. हालीचें नाणें गेलें. त्याचा कारभार पाहणारी बँकही १९५६ पासून स्टेट बँक ऑफ हैदराबाद या नांवानें चालून १ एप्रिल २०१७ रोजीं भारतीय स्टेट बँकेंत विलीन झाली. परंतु परदेशांतून मुलानें पाठविलेल्या डॉलरचा दर, कर्जावरील व्याज महिन्याचें कीं वर्षाचें हा प्रश्न, किंमत तीच ठेवून पुड्यांतील वजन घटविण्याची युक्ति, हीं सर्व त्या सात-सहाच्या हिशेबाचींच भावंडें आहेत. रक्कम कोणत्या मापांत सांगितली आहे, मुदत कोणत्या दिनदर्शिकेची आहे, आणि बदलाचा बट्टा कोणाच्या माथीं आहे, हे तीन प्रश्न सही करण्यापूर्वीं विचारावे. गुलमंडीवर भाजी घेतांना औरंगाबादची गृहिणी नेमकें हेंच विचारीत असे, आणि उत्तर पटल्याखेरीज पदराची गांठ सोडीत नसे.