समुद्राचे छायाचित्र की रंगचित्र?

वर आकाश, खाली पाणी आणि चौकटीच्या बरोबर मध्यावर क्षितिजरेषा. जहाज नाही, किनारा नाही, माणूस नाही. जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो यांच्या ‘सीस्केप्स’ या मालिकेतील कृष्णधवल प्रिंट दुरून पाहिले, तर एखाद्या अमूर्त चित्रकाराने करड्या रंगाचे दोन पट्टे रंगविले असावेत असे वाटते. प्रत्यक्षात ती छायाचित्रेच आहेत.

१९४८ मध्ये टोकियोत जन्मलेल्या सुगिमोतो यांनी १९८० मध्ये जमैकाच्या किनाऱ्यावरून कॅरिबियन समुद्र टिपून या मालिकेस प्रारंभ केला. आदिमानवाने पाहिलेले दृश्य आजच्या माणसाला तसेच पाहता येईल काय, हा प्रश्न त्यामागे होता. भूमीचे रूप पालटत गेले, समुद्राचे मात्र फारसे पालटले नसावे, असे उत्तर त्यांना सुचले. त्यानंतर जगभरच्या किनाऱ्यांवर त्यांनी हीच मांडणी पुन्हा पुन्हा योजली.

यासाठी त्यांनी ८ बाय १० इंच फिल्मचा मोठा कॅमेरा वापरला आणि जिलेटिन सिल्व्हर पद्धतीने प्रिंट काढले. या पद्धतीत कागदावरच्या जिलेटिनच्या थरातील चांदीचे क्षार प्रकाशाने बदलतात आणि करड्या रंगाच्या असंख्य छटा उमटतात. त्यामुळे जवळ गेल्यावर बारीक लाटा वेगवेगळ्या दिसतात, तर दूर सरकताच त्यांचा एकच सपाट पट्टा होतो. धुके असेल तर क्षितिजही विरघळते.

छायाचित्र आणि चित्र यांच्यातील ही सरमिसळ जुनीच आहे. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांच्या काळातील काचेच्या निगेटिव्हवर समुद्र नीट उमटे, तेव्हा आकाश पांढरेफटक पडे. म्हणून १८५० च्या दशकात त्यांनी काही सागरचित्रांत आकाश व पाणी यांच्या स्वतंत्र निगेटिव्ह क्षितिजावर जोडल्या. ते दृश्य जुळवलेले होते, तरी पाहणाऱ्याला खरे वाटे. सुगिमोतो यांच्याकडे नेमके उलट घडते. दृश्य खरे असूनही ते कल्पित भासते. २०१२ मध्ये लंडनच्या पेस गॅलरीने त्यांचे समुद्र अमेरिकी चित्रकार मार्क रॉथ्को यांच्या अखेरच्या काळातील गडद चित्रांशेजारी मांडले, ते या साम्यामुळेच.

मग छायाचित्राचा पुरावा उरतो कुठे? तो शीर्षकात उरतो. प्रत्येक प्रिंटला जलाशयाचे व स्थळाचे नाव दिलेले असते. ते झाकले, तर एक समुद्र दुसऱ्यापासून ओळखणे कठीण. ‘यू टू’ या आयरिश बँडने २००९ मधील अल्बमच्या मुखपृष्ठावर घेतलेले ‘बोडेन सी, उत्विल’ (१९९३) हे चित्र तर समुद्राचे नाहीच. ते स्वित्झर्लंडच्या किनाऱ्यावरून टिपलेले गोड्या पाण्याचे सरोवर आहे. कॅमेऱ्याने पाणी प्रामाणिकपणे नोंदविले; त्याला समुद्र ठरविले ते पाहणाऱ्याच्या नजरेने.