'पाव' शब्दाचीं तीन कुळें

नांदेडच्या किंवा लातूरच्या पेठेंत कोणी 'एक पाव द्या' असें म्हटलें, तर किराण्याच्या दुकानीं वाणी तराजूकडे वळतो आणि बेकरीवाला फळीवरच्या रोटीकडे. तींच दोन अक्षरें एखादी माउली हात जोडून उच्चारते, तेव्हां तिला धान्यही नको असतें आणि रोटीही नको असते. ती देवाला आळवीत असते, 'पाव रे बाबा!' लेखन एक, उच्चार एक, अर्थ मात्र तीन. आमच्या धर्मग्रामांतील बहुतेक मंडळी हा एकच शब्द समजतात. वस्तुतः हे तीन शब्द असून त्यांचीं कुळें अगदीं निराळीं आहेत.

पहिला पाव चतुर्थांशाचा. त्याचें मूळ संस्कृत 'पाद', म्हणजे पाय, हें होय. चतुष्पाद जनावराचा एक पाय म्हणजे चारांतला एक. म्हणून पाद याचा अर्थ चौथा हिस्सा असाही झाला. श्लोकाच्या चौथ्या भागास याच न्यायानें पाद किंवा चरण म्हणतात. प्राकृतांत मधला 'द' गळाला आणि पुढें 'पाव' झाला. 'पाऊण' म्हणजे पादोन, एक पाद उणें. 'सव्वा' म्हणजे सपाद, एका पादासह. डोळ्यांस यांत साम्य दिसत नाहीं, तरी हीं सख्खीं भावंडें आहेत. पावशेराचें माप आमच्या बाजारांत पिढ्यान्‌पिढ्या चाललें. १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक वजनें आलीं, तेव्हां शेर गेला. पाव मात्र राहिला व किलोस चिकटला. आज त्याचें वजन २५० ग्रॅम भरतें.

आमच्या या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर, देगलूर-धर्माबादकडे तेलुगु आणि उदगीर-निलंग्याकडे कानडी कानीं पडते. तेलुगूंत 'पावु' म्हणजे चतुर्थांशच, आणि कानडींतही 'पावु' हें शेराच्या चौथाईचें माप. माप बाजाराबरोबर हिंडतें. त्यास भाषेची शीव आड येत नाहीं. परंतु जुन्या कानडींत 'पावु' असा आणखी एक शब्द होता, आणि त्याचा अर्थ साप! त्या भाषेंत पुढें आरंभींच्या 'प' चा 'ह' झाला. 'पालु', म्हणजे दूध, याचें 'हालु' झालें, तसेंच 'पावु' याचें 'हावु'. तेलुगु 'पामु' व तमिळ 'पांबु' हे त्याचे नातलग. संस्कृत पादाशीं त्याचा काडीचाही संबंध नाहीं. सापाला पाय नसतात, तेव्हां हें योग्यच म्हणावयाचें.

दुसरा पाव 'पावणें' या क्रियापदाचा. तो संस्कृत 'प्राप्', म्हणजे मिळणें, पोंचणें, या धातूपासून आला. देव पावतो, पत्र पावतें, आणि मिळाल्याची खूण ती 'पावती'. ज्युबिलीच्या वर्गणीची जी पावती वाचकांच्या हातीं पडली, ती याच कुळांतली.

तिसरा पाव खावयाचा, आणि त्याची हकीकत लांबची आहे. लॅटिन 'पानिस्' म्हणजे भाकर. स्पेनांत त्याचें 'पान' झालें आणि पोर्तुगालांत शेवट नाकांत जाऊन 'पांव'. जपानांतही रोटीस 'पान' म्हणतात, तें पोर्तुगीजांपासूनच. त्यांनीं १५१० सालीं गोवें घेतलें. १५३४ सालीं वसई गुजरातच्या सुलतानाकडून मिळविली, ती १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं जिंकून घेईपर्यंत त्यांच्याकडे होती. या किनाऱ्यावरून ही रोटी आपल्या नांवासह मराठी मुलखांत शिरली.

आतां लेखन एक झाल्यानें काय घडलें तें पाहावें. 'पायांनीं तुडवून मळतात म्हणून पाव', अशी व्युत्पत्ति लोकांत सर्रास सांगितली जाते. 'चार एकत्र भाजून त्यांतला एक तोडतात म्हणून पाव', अशीही दुसरी ऐकूं येते. दुसरी चुकीची असली तरी निरुपद्रवी आहे. पहिलींत भाषेचें अज्ञान थोडें आणि भटाऱ्याविषयीं तिरस्कार फार. ज्याच्या हातचें खावयाचें नाहीं, त्याच्या पायांची कथा रचली गेली! परधर्मीयाच्या हातची ही रोटी खाणारा बाटला, असें समजण्याचे ते दिवस होते. मुंबईस १८४९ सालीं निघालेल्या परमहंस सभेंत प्रवेश करणारास ख्रिस्ती माणसानें केलेला पाव खावा लागे. सभेचें काम गुप्तपणें चाले. सभासदांचीं नांवें बाहेर फुटण्याची वेळ आली, तेव्हां १८६० च्या सुमारास ती मोडली. तिच्या प्रवर्तकांत दादोबा पांडुरंग होते. १८३६ सालीं मराठीचें व्याकरण प्रसिद्ध करणारे तेच हे दादोबा. शब्दांचें कुळ धुंडाळणारानें माणसाचें कुळ न विचारणाऱ्या पंगतींत बसावें, हें आम्हांस फार गोड वाटतें.

आम्हां धर्मगुरूंस लोक 'पाद्री' म्हणतात. त्यांतील 'पाद' पाहून कोणी पाय शोधूं नये. तो पोर्तुगीज 'पाद्रे', म्हणजे पिता, लॅटिन 'पातेर' याचा वंशज. संस्कृत 'पितृ' हा त्याचा खरा सोयरा, जरी अक्षरें नीट जुळत नाहींत.

मराठी शुभवर्तमानांत प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत 'भाकर' हाच शब्द आहे. १९६२ ते १९६५ ची व्हॅटिकन महासभा होऊन मिस्सा लोकभाषेंत येईपर्यंत तेथें धर्मगुरूच्या मुखीं लॅटिन 'पानेम्' असे, म्हणजे पावाची आजीच! भाषांतर करणारांनीं नातीस न बोलावतां ज्वारीच्या भाकरीस बोलावलें, तें आमच्या मतें उत्तम केलें. गोदावरी-मांजरेच्या मुलखांतील कुणब्यास रोजची भूक म्हटली कीं भाकरच आठवते. शिवाय पाव म्हणजे खमीर घालून फुगविलेली रोटी. आमच्या लॅटिन विधींतील वेदीवरची रोटी निव्वळ गहूं व पाणी यांची, बिनखमिराची असते. आणि एवढ्या एका गोष्टींत ती बेकरींतल्या पावाहून तव्यावरच्या भाकरीच्या अधिक जवळची आहे.