सूत्रधार पोटात शिरतो

माणूस जवळ येताच मान वळवणारे किंवा टाळी वाजताच पाकळ्या मिटणारे शिल्प पाहिले की त्याची कुळी आपण थेट युरोपात शोधू लागतो. द्यूशाँचे स्टुलावर बसवलेले सायकलचे चाक १९१३चे, गाबोची मोटरवर थरथरणारी सळई १९२०ची, टिंगेलीचे स्वतःच स्वतःला मोडत जाणारे यंत्र १९६०चे. त्यानंतर संगणक, आणि शेवटी नखाएवढा मायक्रोकंट्रोलर. ही वंशावळ खोटी नाही, पण तिच्यातून एक बाई गाळली गेली आहे. ती लाकडाची आहे आणि राजशेखराच्या ‘बालरामायण’ नाटकात उभी आहे. वाशीमला, म्हणजे जुन्या वत्सगुल्माला, काव्यपुरुष आणि साहित्यविद्या या रूपकातल्या जोडप्याचे लग्न लावून देणारा हाच तो राजशेखर. पणजोबांचा उल्लेख महाराष्ट्राचा चूडामणी असा करणारा, इसवी सन ९००च्या आगेमागे लिहिणारा. त्याच्या नाटकात विरहाने कासावीस झालेल्या रावणासमोर एक यंत्रसीता आणली जाते. तिच्या तोंडात पढवलेली सारिका बसवलेली असते. रावण बोलतो आणि सीता उत्तर देते. प्रेक्षकाच्या कृतीला प्रतिसाद देणाऱ्या हलत्या शिल्पाची व्याख्या याहून वेगळी काय करणार?

या बाहुलीची ओळख करून देताना कवी म्हणतो की तिचे लाकडी अवयव सूत्रधार हलवतो. सूत्रधार या शब्दावरून विद्वानांत जुने भांडण आहे. शंकर पांडुरंग पंडित यांनी ‘विक्रमोर्वशीया’च्या आवृत्तीत सुचवले की संस्कृत नाटकाचा सूत्रधार हा मुळात बाहुल्यांचे दोरे धरणारा असावा. पुढे १९००मध्ये जर्मन पंडित पिशेल यांनी याच तर्कावर बाहुल्यांच्या खेळाचे माहेर भारत आहे असा इमला उभा केला. विरोधकांचा मुद्दा मात्र वजनदार आहे. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या सर्पसत्राची जागा पाहणारा जो वास्तुविद्येचा जाणकार आहे, त्यालाही सूत्रधारच म्हटले आहे, आणि त्याच्या हातातले सूत्र मोजणीचे आहे. आपला ‘सुतार’ही याच शब्दाची झीज होऊन आलेला. तेव्हा सूत्रधार आधी मोजणारा होता, खेळवणारा नंतर झाला, असे म्हणणाऱ्यांचा पुरावा जुना आहे, हे मान्य करायलाच हवे. तरीही मला हे भांडण खोटे वाटते. हलती बाहुली करणाऱ्याला दोन्ही सूत्रे लागतात. कोणता सांधा किती अंशात वळावा हे आधी मोजायचे आणि मग ओढायचे. राजा भोजाच्या अकराव्या शतकातल्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथाच्या नावात सूत्रधार म्हणजे वास्तुकारच आहे, आणि त्याच ग्रंथाच्या एकतिसाव्या अध्यायात यंत्रांचे पक्षी, हत्ती आणि बाहुल्या आहेत. (कृती मात्र भोजाने अर्धवटच सांगितली, आणि ती अज्ञानामुळे नव्हे तर गुप्ततेसाठी झाकली, असेही बजावले.)

अशा बाहुलीला आपण ‘कळसूत्री’ म्हणतो, आणि त्यातली कळ सूत्राहूनही लबाड. कळ दाबतात ती एक, पोटात येते ती दुसरी, कळलाव्या लावतो ती तिसरी. तिसरीचे मूळ ‘कलह’ आणि पहिलीचे ‘कला’, असे सहसा सांगितले जाते. कला म्हणजे कौशल्य, म्हणून कौशल्याने केलेली वस्तू. ही व्युत्पत्ती सुटसुटीत आहे, हिंदीतल्या कलपुर्ज्यांनाही लागू पडते. पण धातुपाठात ‘कल्’ या धातूचे अर्थ गती आणि गणना असे दिले आहेत आणि आपले ‘कळणे’ही याच कुळातले दिसते. हलणे, मोजणे आणि जाणणे या तिन्ही क्रिया एका धातूभोवती जमाव्यात, हा योगायोग म्हणून सोडून द्यायला माझे मन तयार नाही. मोटर हलवते, मायक्रोकंट्रोलर मोजतो, सेन्सरला कळते. भाषाशास्त्री म्हणतील की आजचा अर्थ मागे ढकलून वाचण्याची ही हौस आहे. आक्षेप रास्त आहे, म्हणून एवढेच म्हणतो: पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या बाहुल्यांना ‘कळसूत्री’ हा शब्द जितका शोभतो, तितकाच मायक्रोकंट्रोलरवर चालणाऱ्या शिल्पालाही.

सरळ वंश येथे नाही, हे उघड आहे. राजशेखरापासून फ्रान्सच्या वोकान्सोंपर्यंत कोणताही पूल बांधता येत नाही. पण तिथेही बाहुली आणि सूत यांची गाठ पडतेच. १७३९मध्ये यांत्रिक बदक दाखवणाऱ्या वोकान्सोंनेच काही वर्षांनी स्वयंचलित माग बनवला. त्याच्या कल्पना पुढे नेत जाकारने छिद्रांच्या पत्त्यांवर चालणारा माग उभा केला. अपोलो यानाच्या संगणकाची आज्ञावली तर अक्षरशः विणलेली होती. तार कड्यातून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य, आणि ते विणणाऱ्या बायाच होत्या.

खरा बदल कुठे झाला, तर सूत्रधाराच्या जागेत. यंत्रसीतेचा सूत्रधार तिच्या बाहेर होता. इहनातोविच यांनी १९७०मध्ये आइंडहोव्हनला उभे केलेले ‘सेन्स्टर’ हे शिल्प हळू आवाजाकडे झुके आणि गोंगाट झाला की मागे सरे. पण त्याचा संगणकही शिल्पापासून वेगळाच होता. १९७१मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या अभियंत्यांनी गणन, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी बोलणारी टोके एकाच चिपवर आणली, म्हणजेच मायक्रोकंट्रोलर घडवला, आणि सूत्रधाराला बाहुलीच्या पोटात शिरण्याची वाट मिळाली. इटलीतल्या इव्हरेआ गावी २००५मध्ये आलेल्या आर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाने ती वाट कलाविद्यार्थ्यांना खुली केली, आराखड्यासकट. भोजाने झाकलेले तिथे उघडे ठेवले गेले.

सूत्रधार आत असावा की बाहेर, या प्रश्नावर वर्ध्याने फार आधी डोके खाजवले आहे. चरख्याला शिल्प म्हणणे अनेकांना ओढाताण वाटेल. ते उत्पादनाचे साधन आहे, कला नव्हे, असे ते म्हणतील. पण कातणाऱ्याचे हात पाहावेत. उजवा हात चाक फिरवतो, माळ चाती फिरवते, डाव्या हातातल्या पेळूला ताण कळतो आणि त्या कळण्यावर उजव्याचा वेग ठरतो. अभियंते ज्याला फीडबॅक म्हणतात तो हाच, आणि सूत्र धरणारा सूत्रधार येथे शब्दशः माणूस आहे. अखिल भारत चरखा संघाने १९२९मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाखाचे बक्षीस लावले, तेव्हाच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हाताने किंवा पायाने चालावे, खेड्यातल्या बाईला आठ तास न दमता चालवता यावे, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी आणि ते वीस वर्षे टिकावे. हा यंत्रद्वेष नाही. यंत्र हवे तितके सुधारा, पण सूत्रधार बाहेरच राहू द्या, अशी ती मागणी आहे.

गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ रोजी उद्घाटन केलेले मगन संग्रहालय याच शोधाची साधने मांडून बसले. ते जिथे आहे त्या वर्ध्याच्या मगनवाडीत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, आणि तिने सौर चरखा विकसित केला. चात्या सूर्याच्या विजेवर फिरतात, हाताला उरते ते तुटलेला धागा जोडणे. सूत्रधार अर्धा आत गेला, अर्धा बाहेर राहिला. तुटलेला धागा ओळखून आपणहून थांबणारा चरखा मायक्रोकंट्रोलरने आज सहज करता येईल, आणि तो जत्रेत ठेवला तर लोक त्याला शिल्प म्हणूनच पाहतील. १९२९च्या परीक्षकांनी मात्र त्याला नापास केले असते, आणि त्यांच्या अटींप्रमाणे ते बरोबर ठरले असते. ते एक लाखाचे बक्षीस शेवटपर्यंत कुणालाच मिळाले नाही.